पंचाची परतीची गाडी

पंच चांगला होता का, हे जिंकलेल्या संघाला विचारू नये. जिंकणाऱ्याला सगळेच पंच चांगले दिसतात. विचारायचं हरलेल्याला, आणि तेही लगेच नाही. दुसऱ्या दिवशी, अंगातली रग उतरल्यावर. 'हरलो, पण पंचानं आमचं काही खाल्लं नाही,' एवढं त्याच्या तोंडून निघालं की त्या पंचानं आपलं काम केलं. लातूर-धाराशिव पट्ट्यात बावीस वर्षं कबड्डी आणि खो-खोच्या मैदानावर शिट्टी वाजवल्यावर माझ्याकडं मोजायला दुसरं माप उरलेलं नाही.

हे माप लावलं की पंचांविषयीच्या आपल्या नेहमीच्या गप्पा अपुऱ्या वाटायला लागतात. चांगल्या पंचाला काय लागतं असं विचारलं की लोक सांगतात, नजर लागते, नियम तोंडपाठ लागतात, पाय हलते लागतात. लागतातच. चढाईपटूबरोबर जो पंच रेषेवरून सरकत नाही, त्याला मागचा पाय कधीच दिसणार नाही. पण माझ्या पाहण्यातले बहुतेक वाईट निर्णय न दिसल्यामुळं झालेले नव्हते. पंचाला दिसलं होतं. दिसलं ते सांगायचं धाडस झालं नव्हतं.

त्यातला एक निर्णय माझा आहे. सोळा वर्षं झाली त्याला. औसा तालुक्यातल्या एका गावात जत्रेनिमित्त कबड्डीचे सामने होते. गावाचं नाव लिहीत नाही, कारण दोष गावाचा नव्हता. अंतिम सामना यजमान संघ आणि शेजारच्या तालुक्यातला एक संघ यांच्यात. मातीचं मैदान, चारी बाजूंनी माणसं, पहिली रांग तर रेषेला गुडघे टेकवून बसलेली. शेवटची चढाई यजमानांची, आणि ते एका गुणानं मागं. समोर सहा गडी, म्हणजे बोनसचा जादा गुण चालू. एक पाय बोनस रेषेच्या पलीकडं टेकवायचा आणि त्या क्षणी मागचा पाय हवेत हवा, एवढाच नियम. पोरानं पाय टाकला. मागचा पाय जमिनीला घासत आला. मी स्पष्ट बघितलं. मातीत बोटाएवढी रेघ उमटली आणि बारीक धूळ उठली. त्याच वेळी माझ्या पाठीमागच्या सगळ्या माणसांनी एकदम हात वर केले, आणि त्यांच्याबरोबर माझाही हात वर गेला.

सामना बरोबरीत गेला. पाच-पाच चढायांत यजमान जिंकले. गुणपत्रकावर सही करायला पाहुण्या संघाचा कर्णधार आला. एवढंच म्हणाला, "सर, तुम्ही बघितलं व्हतं ना?" मी काही बोललो नाही, गुणपत्रक पुढं सरकवलं. सही करताना त्यानं पेन इतकं दाबलं की कागद फाटला.

हात का वर गेला, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. मी पैसे घेतले नव्हते. यजमान संघात माझं कुणी नात्यातलं नव्हतं. पण दुपारी आम्ही सगळे पंच कमिटीच्या अध्यक्षांच्या घरी जेवलो होतो आणि त्यांच्या आईनं आग्रह करकरून पोळ्या वाढल्या होत्या. मानधनाचं पाकीट अध्यक्षांच्याच खिशात होतं. आणि गावातून शेवटची एसटी संध्याकाळी निघून गेली होती. रात्री आम्हाला लातूरला सोडणारी जीप अध्यक्षांची होती. कुणी धमकी दिली नाही, कुणी कानात काही सांगितलं नाही. त्याची गरजच नव्हती. ताठ कणा म्हणजे ज्याच्या त्याच्या स्वभावाचा गुण, असं आपण मानतो. माझा कणा त्या रात्री परतीच्या गाडीला बांधलेला होता.

म्हणून मी म्हणतो, पंच चांगला हवा असेल तर आधी त्याची परतीची गाडी यजमानाच्या हातातून काढून घ्या. नजर आणि नियम त्यानंतर शिकवता येतात.

हे जत्रेतल्या सामन्यांचं झालं, मोठ्या व्यावसायिक खेळात असं कुठं असतं, असं कुणी म्हणेल. तिथंही हेच होतं, फक्त जीपच्या जागी देश होता. कसोटी क्रिकेटमध्ये वर्षानुवर्षं यजमान देशाचेच पंच उभे राहत आणि पाहुणा संघ प्रत्येक पायचीत निर्णयाकडं संशयानं बघे. १९८६ साली लाहोरला पाकिस्तान-वेस्ट इंडीज कसोटीत दोन तटस्थ पंच उभे राहिले. इम्रान खानचा तसा आग्रह होता. ते दोघं कोण होते, हे आज पुष्कळांच्या लक्षात नाही: व्ही. के. रामस्वामी आणि पिलू रिपोर्टर, दोघंही भारतीय. पाकिस्तानच्या मैदानावर पाकिस्तानच्या सामन्यात न्याय द्यायला भारतातून माणसं बोलावली गेली आणि सामना सुरळीत पार पडला. पुढं १९९४ पासून प्रत्येक कसोटीत एक पंच तटस्थ आला आणि २००२ पासून दोन्ही.

पण खरी शिकवण मला त्यानंतरच्या प्रसंगात दिसते. करोनामुळं प्रवास बंद झाला तेव्हा आयसीसीनं पुन्हा यजमान देशाच्या पंचांना परवानगी दिली. २०२१ च्या सुरुवातीला इंग्लंडचा संघ भारतात आला तेव्हा भारताचेच पंच उभे होते. त्यातल्या इंदूरच्या नितीन मेनन यांचे निर्णय इतके अचूक ठरले की समालोचकांनी त्यांचं मोकळेपणानं कौतुक केलं. पासपोर्ट भारताचा, मैदान भारताचं, प्रेक्षक भारताचे, तरी निर्णय सरळ. कारण तोवर व्यवस्था बदललेली होती. मेनन २०२० मध्येच आयसीसीच्या एलिट पॅनेलवर, म्हणजे निवडक पंचांच्या यादीत, गेले होते. त्या पॅनेलवरच्या पंचाचा करार आयसीसीशी असतो, त्याच्या निर्णयांची तपासणी आयसीसी करते आणि पॅनेलवर राहायचं की नाही हे त्या कामावर ठरतं, कुठल्या यजमानाच्या मर्जीवर नाही. माणूस घरच्या मैदानावर उभा होता, पण परतीची गाडी घरच्यांची नव्हती.

आता आपल्याकडं बघू. २ फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरमध्ये महाराष्ट्र केसरीची गादी विभागाची अंतिम लढत झाली. नांदेडकडून उतरलेला शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ समोरासमोर होते. पंचांनी शिवराज चितपट झाल्याचा निर्णय दिला. दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, व्हिडिओ बघा, असं शिवराजचं म्हणणं. वाद वाढला आणि त्यानं पंचाला लाथ मारली. पुढं किताबाच्या लढतीत महेंद्र गायकवाडही पंचांच्या निर्णयावरून आखाडा सोडून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली.

पंचाच्या अंगाला हात लावणं, लाथ मारणं याला कोणतंही कारण पुरत नाही. निर्णय शंभर टक्के चुकीचा असला तरी नाही. पण नांदेड-लातूरच्या तालमींमध्ये त्यानंतर कितीतरी दिवस जी चर्चा चालली होती ती मी ऐकली आहे, आणि ती खांद्यांविषयी फारशी नव्हती. 'पंच कुणाचा?' हाच प्रश्न फिरून फिरून यायचा. हा प्रश्न एका दिवसात उगवलेला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये पुण्याजवळ फुलगावला एक महाराष्ट्र केसरी झाली, ती सिकंदर शेखनं जिंकली. त्याच महिन्यात आमच्या धाराशिवला दुसरी झाली, ती शिवराजनं जिंकली. एकाच महिन्यात दोन गदा, कारण संघटना दोन. संघटना फुटल्या की पंचही वाटले जातात, आणि मग पंच कितीही प्रामाणिक असो, हरलेल्या पैलवानाला तो 'त्यांचा' वाटतो. कुस्तीत गादीवर एकटा पंच निकाल देत नाही; बाजूला जज्ज असतो, वर मॅट चेअरमन असतो, आणि चितपटीला गादीवरच्या पंचाशिवाय त्यांच्यातल्या एकाची तरी संमती लागते. गुणांच्या निर्णयाला प्रशिक्षक स्पंज टाकून आव्हान देऊ शकतो. कागदावर रचना चोख आहे. ती रचना पैलवानाला आपली वाटत नाही, दुखणं तिथं आहे.

कॅमेरे वाढवा, सगळं आपोआप सरळ होईल, हा आजचा आवडता उपाय. कॅमेऱ्याला माझा विरोध नाही. माझ्या त्या सामन्यात एखादा मोबाइल बोनस रेषेवर रोखलेला असता तर तो कर्णधार जिंकून घरी गेला असता. पण कॅमेरा डोळ्याची चूक दुरुस्त करतो. नियमाचा घोळ आणि कण्याची चूक त्याच्या हातात नाही. ७ ऑक्टोबर २०२३ ला हांगझोऊला आशियाई स्पर्धेची कबड्डीची अंतिम लढत झाली. भारत आणि इराण २८-२८, शेवटची मिनिटं. पवन सेहरावत चढाईवर गेला आणि कुणालाही स्पर्श न करता लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्टीत गेला; स्पर्श झाल्याशिवाय तिथं जायचं नसतं. त्याला धरायला इराणचे गडीही मागोमाग लॉबीत उतरले. काय झालं हे सगळ्या जगाला दिसत होतं. प्रश्न होता की नियम कुठला. जुन्या नियमानं लॉबीत आलेले बचावपटूही बाद, नव्यानं फक्त चढाईपटू बाद. निर्णय दिला, फिरवला, पुन्हा फिरवला. खेळाडू मॅटवर बसून राहिले, सामना तासभर थांबला. शेवटी भारत ३३-२९ नं जिंकला. सुवर्णपदक आपलं, म्हणून आपण ते लवकर विसरलो. मी मात्र त्या दिवशी इराणच्या पोरांचे चेहरे बघत होतो. माझ्या मापानं त्या सामन्याची पंचगिरी नापास आहे, आणि यात कॅमेऱ्याचा काहीच दोष नव्हता.

त्याच महिन्यात प्रो कबड्डीच्या लिलावात पवनसाठी २ कोटी ६० लाखांवर बोली लागली. लागायलाच हवी, गडी त्या तोलाचा आहे. २०१४ मध्ये ही लीग सुरू झाल्यापासून खेळाडू, प्रशिक्षक, फिजिओ, समालोचक सगळे व्यावसायिक झाले. पण त्या लीगकडं नजर लावून जी पोरं आमच्या जिल्ह्यांत खेळतात त्यांच्या सामन्यांचे पंच अजून शाळा सुटल्यावर येणारे शिक्षक आहेत, नाहीतर सुट्टी टाकून आलेले कर्मचारी. पोराचं करिअर एका निवड चाचणीतल्या एका बोनसवर ठरतं, आणि तो बोनस देणारा माणूस पाकिटाची वाट बघत उभा असतो.

पंचाला नुसता भरपूर पैसा दिला की काम झालं, असंही मी म्हणत नाही. अमेरिकेतल्या बास्केटबॉलच्या एनबीए लीगचे पंच चांगले पगारी असतात. तरी टिम डोनाघी नावाचा पंच सामन्यांवर सट्टा लावताना २००७ मध्ये उघडकीला आला आणि त्याला १५ महिन्यांची शिक्षा झाली. पगारानं लाचारी जाते, लोभ जात नाही. लोभासाठी तपासणी लागते, आणि आपल्याकडं ना पगार ना तपासणी.

एक गोष्ट मात्र संघटनेची नाही, आमची, म्हणजे पंचांची आहे. आपल्या भाषेत पंच हा शब्द गावातून मैदानावर आला. कबड्डीत आणि खो-खोत तर मुख्य पंचाला सरपंचच म्हणतात. गावच्या पंचांनी वाद मिटवायचा असतो. दोघांना त्याच गावात राहायचंय, एकाच विहिरीवर मोटर चालवायचीय, म्हणून थोडं याचं थोडं त्याचं करून पंच मार्ग काढतात, आणि पाचामुखी परमेश्वर म्हणून लोक मानतात. बांधाच्या भांडणात हे शहाणपणाचं आहे. मैदानावर हेच शहाणपण विष होतं. मघाशी यांच्यावर अन्याय झाला, आता त्यांचा एक गुण कापू, म्हणजे फिट्टंफाट. असा भरपाईचा गुण मी किती तरी पंचांना देताना पाहिलंय, आणि देऊन झाल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर पुण्य केल्याचं समाधानही पाहिलंय. पण पहिल्या चुकीत एक संघ नागवला गेला होता, दुसरीत दुसरा. आधीची निदान चूक होती, ही तर समजून-उमजून केलेली. पंचाला मिटवायचं नसतं, ठरवायचं असतं. पाचव्या मिनिटाला जो नियम होता तोच चाळिसाव्या मिनिटाला, यजमानाला तोच आणि पाहुण्यालाही तोच.

मग चूक झाली तर करायचं काय? इथं मला अमेरिकेतल्याच बेसबॉलच्या जिम जॉइस या पंचाची आठवण होते. २ जून २०१० ला डेट्रॉइटच्या अर्मांडो गालारागा या गोलंदाजानं प्रतिस्पर्ध्यांचे सव्वीस खेळाडू ओळीनं बाद केले होते, एकालाही तळावर पोचू दिलं नव्हतं. सत्ताविसावा बाद झाला की त्या खेळातला अतिदुर्मीळ विक्रम पूर्ण होणार होता. तो बाद झालाही. जॉइसनं नाबाद दिला. सामन्यानंतर त्यानं चित्रफीत बघितली, गालारागाची माफी मागितली, पत्रकारांसमोर आपण चुकलो असं सरळ सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर गालारागा संघाची यादी घेऊन जॉइसकडं आला तेव्हा पंचाच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यानंतर थोड्याच दिवसांत खेळाडूंची पाहणी झाली. सर्वांत चांगला पंच म्हणून त्यांनी जॉइसचंच नाव घेतलं. २०१९ च्या क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ओव्हरथ्रोवर पाचाऐवजी सहा धावा दिल्याची चूक पंच कुमार धर्मसेनांनीही नंतर टीव्हीवर बघून मान्य केली होती. अशी कबुली देणं कुणाला सोपं जातं? ज्याला माहीत आहे की कबुली दिल्यावर उद्याचं काम जाणार नाही आणि बाहेर गर्दी वाट अडवून उभी राहणार नाही, त्याला.

आमच्या मैदानांवर ही हमी आजपर्यंत कुणी दिलेली नाही. आणि ती द्यायला फार खर्चही येत नाही. मानधन स्पर्धेच्या आधी जिल्हा संघटनेनं थेट पंचाच्या खात्यावर टाकावं, संघांच्या प्रवेश शुल्कातूनच ते निघतं. परभणीच्या सामन्याला बीडचे पंच, बीडच्या सामन्याला नांदेडचे, आणि कुणाला कुठं पाठवायचं ते चिठ्ठ्या टाकून, सामन्याच्या आदल्या संध्याकाळी. जेवण आणि मुक्काम कमिटीच्या घरात नको. तालुक्याच्या ठिकाणी साधी लॉजची खोली पुरते. प्रेक्षक रेषेपासून तीन-चार हात मागं, तिथं दोरी बांधायची आणि दोरी ओलांडली की सामना थांबवायचा. माइक समालोचकाच्या हातात असतो, तो वादाच्या निर्णयावेळी सरपंचाच्या हातात द्यायचा आणि त्यानं कारण सांगायचं, 'मागचा पाय टेकला, बोनस नाही', एवढं एक वाक्य. दोन दिवसांनी हरलेल्या संघाच्या प्रशिक्षकाकडून पंचाविषयी लेखी मत घ्यायचं. याला आमच्याच काही ज्येष्ठ पंचांचा विरोध आहे. हरलेला माणूस खरं कशाला लिहील, असं ते म्हणतात. मला वाटतं, दहा सामन्यांतले दहा पराभूत जेव्हा एकाच पंचाबद्दल एकच गोष्ट लिहितात तेव्हा ती खरी असते.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. महिलांच्या विजेत्या संघाची कर्णधार प्रियांका इंगळे मूळची बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातली, आणि त्याच संघात धाराशिवची अश्विनी शिंदे. त्याआधी २०२० मध्ये धाराशिवच्याच सारिका काळेला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोत आमचा भाग देशात मान वर करून उभा आहे. खेळाडूंची जशी एकामागून एक पिढी आली तशी पंचांची यावी असं मला मनापासून वाटतं, आणि गेल्या हिवाळ्यात तिचं एक माणूस मला दिसलं.

शालेय तालुका स्पर्धा होत्या, मुलींचा खो-खोचा सामना. पंच पंचविशीची एक मुलगी, शेजारच्या जिल्ह्यातून आलेली. सकाळी एसटीनं आली होती आणि जायचं तिकीटही काढून ठेवलं होतं. शेवटच्या मिनिटात आक्रमक मुलीनं सूर मारला, धावक बाद झाली, हिनं शिट्टी वाजवून बाद दिलं. यजमान शाळेच्या पोरी नाचायला लागल्या. तेवढ्यात पलीकडच्या पंचानं हात वर केलेला हिला दिसला. ती त्याच्याकडं गेली, दोन शब्द बोलली, परत आली आणि दोन्ही कर्णधारांना बोलावलं. "सूर मारायच्या आधी पाय मध्यपाटीत पडला होता. माझ्या बाजूनं मला दिसला नाही, यांना दिसला. धावक बाद नाही." मैदानावर आरडाओरडा झाला. यजमान शाळेचे एक शिक्षक तावातावानं पुढं आले. तिनं तेच वाक्य त्यांनाही पुन्हा सांगितलं, त्याच आवाजात, आणि घड्याळ चालू करायची खूण केली.

यजमान शाळा एका गुणानं हरली. मी गुणलेखकाच्या टेबलाशी उभा होतो. त्यांची कर्णधार आली, डोळे पुसले, गुणपत्रक स्वतःकडं ओढून घेतलं आणि सही केली. मग पेन पंच मुलीच्या हातात दिलं.